चर्चासत्राची नोंदणी आणि ऑनलाइन तिकीट मंच : कार्यपद्धती, उपयुक्तता व मर्यादा

गोषवारा :

महाविद्यालयांमध्ये आयोजित होणारी चर्चासत्रे, परिषदा व कार्यशाळा यांच्या यशात नोंदणीच्या व्यवस्थेचा वाटा मोठा असतो. ही व्यवस्था आजही अनेक ठिकाणी ऑनलाइन अर्ज, खात्यावर भरलेले शुल्क आणि हाताने जुळवलेली यादी अशा तीन तुटक भागांत विभागलेली दिसते. प्रस्तुत लेखात ऑनलाइन तिकीट मंच म्हणजे काय, तो कसा चालतो, त्यामुळे शुल्काचा हिशेब व उपस्थितीची नोंद यांत कोणता फरक पडतो, तसेच त्याचा खर्च, त्याच्या मर्यादा व त्यातून निर्माण होणाऱ्या जबाबदाऱ्या कोणत्या, यांचे विवेचन करण्यात आले आहे.

बीजशब्द : नोंदणी, तिकीट मंच, क्यूआर कोड, शुल्काचा ताळमेळ, उपस्थिती, वैयक्तिक माहिती.

१. प्रस्तावना :

आजचे युग माहिती तंत्रज्ञानाचे आहे, असे महाविद्यालयीन व्यासपीठांवरून वारंवार सांगितले जाते. तथापि ज्या चर्चासत्रात हे वाक्य उच्चारले जाते, त्याच चर्चासत्राच्या नोंदणी कक्षापुढे सकाळी साडेनऊ वाजता लांबलचक रांग लागलेली असते. टेबलावर छापील यादी असते. यादीत नाव सापडत नाही. सहभागी व्यक्ती भ्रमणध्वनीवर शुल्क भरल्याचे छायाचित्र दाखवते. ते छायाचित्र खरे की खोटे हे ठरविण्याचे कोणतेही साधन टेबलामागे बसलेल्या स्वयंसेवक विद्यार्थ्यापाशी नसते. दरम्यान बीजभाषण सुरू होते आणि निम्मे सभागृह रिकामे राहते.

हा प्रसंग किरकोळ गैरसोयीचा म्हणून सोडून देता येत नाही. चर्चासत्राचे प्रमाणपत्र प्राध्यापकांच्या पदोन्नतीच्या प्रस्तावात जोडले जाते. जमा झालेल्या शुल्काचा हिशेब लेखापरीक्षणासमोर ठेवावा लागतो. अनुदान मिळाले असल्यास विनियोग प्रमाणपत्र द्यावे लागते. नॅकच्या मूल्यांकनासाठी उपस्थितांची यादी पुरावा म्हणून सादर करावी लागते. म्हणजेच कोण आले, कोणी पैसे भरले आणि कोणाला प्रमाणपत्र मिळाले, या तीन प्रश्नांची उत्तरे एकमेकांशी जुळणे आवश्यक असते. ती न जुळल्यास त्याची जबाबदारी बहुधा विभागातील सर्वांत कनिष्ठ प्राध्यापकावर, म्हणजे नोंदणी समितीच्या प्रमुखावर येऊन पडते. या दृष्टीने ऑनलाइन तिकीट मंचाचा विचार करणे उचित ठरते.

२. प्रचलित पद्धतीचे स्वरूप व तिच्यातील दोष :

पूर्वी चर्चासत्राच्या माहितीपत्रकाच्या शेवटच्या पानावर नोंदणी अर्ज छापलेला असे. तो कापून, भरून, धनाकर्षासह टपालाने पाठवावा लागे. ही पद्धत संथ होती. परंतु तिच्यात एक गुण होता. अर्ज आणि पैसे एकाच पाकिटात येत. पाकीट फोडताच पावती पुस्तकात नोंद होई आणि क्रमांक मिळे.

इंटरनेटच्या प्रसारानंतर अर्ज ऑनलाइन झाला. २०१६ मध्ये भारतीय राष्ट्रीय देयक महामंडळाने यूपीआय प्रणाली सुरू केल्यानंतर पैसे भरणेही सोपे झाले. परंतु अर्ज एका मार्गाने आणि पैसे दुसऱ्या मार्गाने येऊ लागले. ऑनलाइन अर्ज माहिती गोळा करतो. बँकेत पैसे आले की नाही हे त्याला स्वतःहून कळत नाही. म्हणून अर्जात व्यवहार क्रमांक लिहावयास आणि भरणा केल्याचे छायाचित्र जोडावयास सांगितले जाते. पुढे बँकेचे खातेउतारे व अर्जांची यादी समोरासमोर ठेवून एकेक व्यवहार जुळविण्याचे काम समितीला करावे लागते.

या जुळवणीत तीन प्रकारच्या अडचणी येतात. पहिली, खातेउताऱ्यावरील नाव व अर्जातील नाव वेगळे असते, कारण शुल्क पतीच्या, वडिलांच्या किंवा सहकाऱ्याच्या खात्यातून भरलेले असते. दुसरी, एका महाविद्यालयातील पाच प्राध्यापकांचे शुल्क एकाने एकत्र भरलेले असते आणि पाचही अर्जांत एकच व्यवहार क्रमांक असतो. तिसरी, व्यवहार क्रमांक लिहिताना एखादा अंक चुकलेला असतो. याशिवाय काही ठिकाणी महाविद्यालयाच्या खात्याऐवजी संयोजकाच्या वैयक्तिक खात्यावर शुल्क मागविले जाते. त्यात हेतू बहुतेक वेळा सोयीचाच असतो. परंतु संस्थेचे पैसे व्यक्तीच्या खात्यात जमा होणे हे हिशेबाच्या दृष्टीने सदोष आहे आणि प्रामाणिक संयोजकालाही ते पुढे अडचणीत आणू शकते.

३. ऑनलाइन तिकीट मंच : संकल्पना व पार्श्वभूमी :

ऑनलाइन तिकीट मंच म्हणजे अशी संगणकीय व्यवस्था, की जिच्यात अर्ज, जागांची मोजणी, शुल्काचा भरणा, प्रवेशपत्र आणि प्रवेशद्वारावरील पडताळणी या सर्व बाबी एकाच नोंदीशी बांधलेल्या असतात. टपालाच्या पाकिटात अर्ज आणि धनाकर्ष यांची जी गाठ होती, तीच गाठ येथे नव्या साधनाने पुन्हा बांधली जाते, असे म्हणता येईल.

भारतीय नागरिकाला या व्यवस्थेचा परिचय प्रथम रेल्वेमुळे झाला. आयआरसीटीसीच्या संकेतस्थळावरून रेल्वे आरक्षण ऑगस्ट २००२ मध्ये सुरू झाले. चित्रपट व नाटकांच्या तिकिटांसाठी बुकमायशोसारखी संकेतस्थळे पुढे रूढ झाली. परिषदा, कार्यशाळा, शर्यती, मेळावे अशा कार्यक्रमांसाठी मात्र वेगळी गरज होती, कारण तेथे आयोजक दर वेळी नवा असतो आणि त्याला स्वतःचा कार्यक्रम स्वतःच मांडावयाचा असतो. अमेरिकेत २००६ मध्ये स्थापन झालेल्या इव्हेंटब्राइटने अशा स्वयंसेवी मांडणीची पद्धत लोकप्रिय केली. पुण्यात २०१२ मध्ये सुरू झालेला टाउनस्क्रिप्ट हा याच प्रकारचा मंच असून २०१७ मध्ये बुकमायशोने त्यातील बहुसंख्य हिस्सा घेतला. जर्मनीत विकसित झालेला प्रीटिक्स आणि युरोपातील सर्न या संशोधन संस्थेने परिषदांसाठी तयार केलेला इंडिको यांची संगणक आज्ञावली खुली आहे. ज्या संस्थेकडे स्वतःचा सर्व्हर व जाणकार मनुष्यबळ आहे, तिला या दोन्ही प्रणाली आपल्या सर्व्हरवर बसवता येतात.

४. कार्यपद्धती :

४.१ तिकिटांचे प्रकार व एकूण मर्यादा : मंचावर सर्वप्रथम कार्यक्रमाचे नाव, दिनांक, स्थळ व संपर्क यांची नोंद केली जाते. त्यानंतर तिकिटांचे प्रकार ठरविले जातात. उदाहरणादाखल, १५० आसनांच्या सभागृहात होणाऱ्या चर्चासत्रासाठी प्राध्यापकांना ८०० रुपये, संशोधक विद्यार्थ्यांना ५०० रुपये व पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ३०० रुपये असे तीन प्रकार ठेवले आणि त्यांच्या मर्यादा अनुक्रमे ८०, ६० व ३० अशा दिल्या, तर बेरीज १७० होते. प्रत्येक प्रकार स्वतंत्रपणे भरल्यास २० व्यक्तींना आसन मिळणार नाही. म्हणून प्रकारनिहाय मर्यादेबरोबर एकूण मर्यादा १५० अशी स्वतंत्रपणे नोंदवावी लागते. निमंत्रित वक्ते, सत्राध्यक्ष व संयोजन समितीचे सदस्य हेही आसनावर बसतात, ही साधी गोष्ट मर्यादा ठरविताना विसरली जाते. त्यांच्यासाठी निःशुल्क व सार्वजनिक पृष्ठावर न दिसणारा प्रकार ठेवणे इष्ट ठरते.

४.२ शेवटच्या जागेचा प्रश्न : एकच जागा शिल्लक असताना दोन व्यक्तींनी एकाच क्षणी नोंदणी सुरू केली तर काय होते, हा प्रश्न या व्यवस्थेच्या गाभ्याशी आहे. साध्या ऑनलाइन अर्जात दोन्ही अर्ज स्वीकारले जाण्याची शक्यता असते. तिकीट मंचावर मात्र नोंदणी सुरू करणाऱ्या व्यक्तीसाठी ती जागा काही मिनिटे राखून ठेवली जाते. त्या अवधीत दुसऱ्या व्यक्तीला जागा शिल्लक नसल्याचे दिसते. पहिल्या व्यक्तीने मुदतीत शुल्क भरले तर जागा तिची होते. अन्यथा ती पुन्हा खुली होते. अनेक मंचांवर रेल्वेप्रमाणे प्रतीक्षा यादीचीही सोय असते. नोंदणी रद्द झाल्यास यादीतील पुढील व्यक्तीस कळविले जाते. सभागृह लहान आणि मागणी मोठी असेल, तेव्हा ओळखीने जागा मिळाल्याचा आरोप टाळण्यास ही नोंद उपयोगी पडते.

४.३ भरणा करणारा आणि सहभागी : तिकीट मंच व्यवहार करणारी व्यक्ती व सहभागी व्यक्ती यांची नोंद स्वतंत्रपणे ठेवू शकतो. एका व्यवहारात पाच तिकिटे घेतल्यास पाच नावे, पाच ई-मेल पत्ते व पाच प्रवेशपत्रे तयार होतात. व्यवहार मात्र एकच राहतो. त्यासाठी प्रत्येक सहभागी व्यक्तीची माहिती स्वतंत्रपणे विचारण्याचा पर्याय आयोजकाने निवडलेला असला पाहिजे. तो न निवडल्यास पाचही तिकिटे भरणा करणाऱ्याच्या एकाच नावावर निघतात आणि जुनी अडचण नव्या रूपात परत येते.

४.४ प्रवेशपत्र व क्यूआर कोड : शुल्क जमा झाल्याची खूण मंचाला मिळताच सहभागी व्यक्तीस ई-मेलने प्रवेशपत्र जाते. त्यावर क्यूआर कोड असतो. जपानमधील डेन्सो वेव्ह या कंपनीने १९९४ मध्ये वाहनांच्या सुट्या भागांची नोंद ठेवण्यासाठी हा कोड विकसित केला. त्यात दोषनिवारणाच्या चार पातळ्या असून सर्वोच्च पातळीवर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचता येतो. त्यामुळे चुरगळलेल्या कागदावरील किंवा तडा गेलेल्या पडद्यावरील कोडही बहुधा वाचला जातो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. प्रवेशपत्राची सुरक्षितता कोडच्या चित्रात नसून त्यामागील नोंदीत असते. कोडची नक्कल कोणीही करू शकतो. परंतु प्रवेशद्वारावर पहिल्यांदा कोड वाचला जाताच त्या नोंदीपुढे ‘प्रवेश झाला’ अशी खूण पडते आणि तोच कोड दुसऱ्यांदा दाखविल्यास यंत्र नकार देते. याचा अर्थ प्रवेशपत्र दुसऱ्याला पाठवल्यास जो प्रथम येईल त्याला प्रवेश मिळेल. म्हणून ज्या कार्यक्रमात प्रमाणपत्राला महत्त्व आहे, तेथे कोडबरोबर ओळखपत्र पाहणेही आवश्यक ठरते.

५. शुल्काचा मार्ग व हिशेब :

५.१ पैसे कोणाकडे जातात : सहभागी व्यक्तीने भरलेले शुल्क थेट महाविद्यालयाच्या खात्यात येतेच असे नाही. ते प्रथम देयक संकलकाकडे जाते व ठरावीक मुदतीनंतर आयोजकाच्या खात्यात वर्ग होते. भारतीय रिझर्व्ह बँकेने मार्च २०२० मध्ये देयक संकलकांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि सप्टेंबर २०२५ मध्ये या विषयावरील निर्देश एकत्रित केले. त्यानुसार संकलकाने व्यापाऱ्यांचे पैसे अनुसूचित व्यापारी बँकेतील स्वतंत्र विश्वस्त स्वरूपाच्या खात्यात ठेवणे बंधनकारक आहे. तरीही प्रत्यक्षात काही मंच कार्यक्रमापूर्वी पैसे वर्ग करतात, तर काही कार्यक्रम पार पडल्यावर. भोजन व्यवस्थापकास आगाऊ रक्कम द्यावयाची असेल, तर वर्ग होण्याची मुदत आधीच विचारून घ्यावी लागते. नोंदणी करताना द्यावयाचे बँक खाते महाविद्यालयाच्याच नावाचे असावे, याविषयी तडजोड असू नये.

५.२ सेवा आकार : निःशुल्क कार्यक्रमांसाठी बरेच मंच आयोजकाकडून आकार घेत नाहीत, सशुल्क कार्यक्रमांवर मात्र टक्केवारीने आकार घेतला जातो आणि त्यावर वस्तू व सेवा कर लागतो. समजा, मंचाचा व भरणा व्यवस्थेचा मिळून आकार ५ टक्के आहे व त्यावर १८ टक्के कर आहे. तर ८०० रुपयांच्या शुल्कावर आकार ४० रुपये व कर ७ रुपये २० पैसे, असे एकूण ४७ रुपये २० पैसे वजा होऊन महाविद्यालयाच्या हाती ७५२ रुपये ८० पैसे येतात. १०० प्राध्यापकांची नोंदणी झाल्यास ८०,००० रुपयांपैकी ४,७२० रुपये खर्च होतात. हा खर्च अंदाजपत्रकात दाखवावा किंवा शुल्कावर अधिक म्हणून सहभागी व्यक्तींकडून घ्यावा, याचा निर्णय आधी व्हावा. यूपीआय व रुपे डेबिट कार्डावरील व्यापारी आकार जानेवारी २०२० पासून शून्य आहे, हे खरे. परंतु मंच स्वतःच्या सेवेसाठी जो आकार घेतो तो त्याहून वेगळा असतो. यूपीआयने भरले तरी आकार का कापला, असा प्रश्न कार्यालयाकडून येतो, त्याचे उत्तर हे आहे.

५.३ ढोबळ व निव्वळ रक्कम : कीर्द लिहिताना वारंवार होणारी चूक म्हणजे बँकेत आलेली निव्वळ रक्कमच जमा म्हणून दाखविणे. वरील उदाहरणात जमा ८०,००० रुपये व सेवा आकाराचा खर्च ४,७२० रुपये अशा दोन स्वतंत्र नोंदी झाल्या पाहिजेत. तसे न केल्यास पावत्यांची बेरीज व बँकेतील जमा यांत तफावत दिसते आणि लेखापरीक्षक त्यावर शेरा मारतात. मंचावरून व्यवहारनिहाय तपशील उतरवून घेऊन तो कार्यालयात जतन करावा. चर्चासत्राच्या शुल्कावर महाविद्यालयाने कर आकारावा की नाही, हा स्वतंत्र प्रश्न असून त्याबाबत संस्थेच्या सनदी लेखापालांचा लेखी सल्ला घेणे श्रेयस्कर आहे.

५.४ अडकलेले व्यवहार : खात्यातून रक्कम गेली, पण प्रवेशपत्र आले नाही, ही तक्रार प्रत्येक चर्चासत्रात येते. अशा व्यवहारांबाबत रिझर्व्ह बँकेने २० सप्टेंबर २०१९ रोजी परिपत्रक काढले आहे. व्यापाऱ्याला भरणा झाल्याची खूण न मिळाल्यास यूपीआयद्वारे गेलेली रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत आपोआप परत व्हावी आणि विलंब झाल्यास प्रतिदिन १०० रुपये भरपाई मिळावी, अशी त्यात तरतूद आहे. नोंदणी समितीने ही माहिती तक्रारदारास शांतपणे सांगितली, तर घाईने दुसऱ्यांदा पैसे भरण्याचे व नंतर परताव्यासाठी महिनोन्महिने पत्रव्यवहार करण्याचे प्रसंग कमी होतील. नोंदणीची अंतिम मुदत कार्यक्रमाच्या किमान आठवडाभर आधी ठेवण्याचे हेही एक कारण आहे.

५.५ परतावा : नोंदणी रद्द केल्यास किती रक्कम कोणत्या दिनांकापर्यंत परत मिळेल, हे माहितीपत्रकात स्पष्ट असावे. पूर्ण शुल्क परत करावयाचे ठरले तरी अनेकदा मंच आपला आकार परत करीत नाही. वरील हिशेबाप्रमाणे प्रत्येक परताव्यामागे ४७ रुपये २० पैशांचा भार महाविद्यालयावर पडतो. चर्चासत्र महाविद्यालयानेच रद्द केले तर मात्र सहभागी व्यक्तीस पूर्ण रक्कम मिळणे न्याय्य होय.

६. मराठी नावे व माहितीची यादी :

प्रमाणपत्रावरील नाव चुकणे ही सहभागी व्यक्तीच्या दृष्टीने सर्वांत खटकणारी चूक असते. मराठीत स्वतःचे, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असा क्रम रूढ आहे. परदेशी धर्तीच्या मंचांवर प्रथम नाव व अंतिम नाव असे दोनच रकाने असतात. काही व्यक्ती आडनाव आधी लिहितात. त्यामुळे ‘प्रमाणपत्रावर हवे तसे पूर्ण नाव’ असा स्वतंत्र प्रश्न अर्जात ठेवावा व देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिपींत ते मागवावे.

देवनागरी मजकूर युनिकोडमध्ये असणे आवश्यक आहे. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टंकलिखित केलेले नाव मंचावर चिकटविल्यास निरर्थक अक्षरे उमटतात. दुसरी अडचण यादी उतरवून घेताना येते. मंचावरील यादी बहुधा स्वल्पविरामांनी विभागलेल्या साध्या मजकुराच्या स्वरूपात मिळते. ती एक्सेलमध्ये थेट उघडल्यास देवनागरी नावांच्या जागी विचित्र चिन्हे दिसू शकतात आणि लांबलचक व्यवहार क्रमांक संक्षिप्त अंकांत रूपांतरित होऊन त्यांचे शेवटचे आकडे हरवू शकतात. यावर उपाय असा, की यादी थेट न उघडता एक्सेलच्या माहिती आयात करण्याच्या सोयीतून घ्यावी, तेथे यूटीएफ-८ हा पर्याय निवडावा व क्रमांकांचे रकाने ‘मजकूर’ म्हणून ठरवावेत. मूळ यादीची एक प्रत जशीच्या तशी स्वतंत्र ठेवावी.

७. उपस्थितीची विश्वासार्हता :

कोविड महामारीच्या काळात, २०२० नंतर, आभासी चर्चासत्रांची संख्या झपाट्याने वाढली आणि अभिप्राय अर्ज भरला की प्रमाणपत्र मिळते, अशी सवय पुष्कळ ठिकाणी लागली. त्यामुळे प्रमाणपत्राचे मोल कमी झाले, ही खंत प्राध्यापकवर्गात व्यक्त होत असते. तिकीट मंचामुळे ही स्थिती आपोआप सुधारत नाही. सकाळी कोड वाचला गेला याचा अर्थ व्यक्ती प्रवेशद्वारातून आत आली, एवढाच आहे. ती दोन्ही दिवस सत्रांना बसली, हे त्यावरून सिद्ध होत नाही.

मात्र मंचाचा उपयोग विचारपूर्वक केल्यास उपस्थितीची नोंद अधिक अर्थपूर्ण करता येते. काही मंचांवर एकाच तिकिटासाठी अनेक पडताळणी याद्या तयार करता येतात. पहिला दिवस, दुसरा दिवस व समारोप सत्र अशा तीन याद्या ठेवून तिन्ही वेळी कोड वाचावा आणि किमान किती नोंदी असल्यास प्रमाणपत्र मिळेल, हे माहितीपत्रकातच जाहीर करावे. नियम आधी जाहीर झालेला असला, की जेवणानंतर निघून गेलेल्या ज्येष्ठ सहकाऱ्याला प्रमाणपत्र नाकारण्याचा अवघड प्रसंग कनिष्ठ प्राध्यापकावर वैयक्तिक रीतीने येत नाही. नियम त्याच्या वतीने बोलतो.

८. वैयक्तिक माहितीची जबाबदारी :

नोंदणी अर्जात नाव, पद, महाविद्यालय व संपर्क यांपलीकडे जन्मदिनांक, आधार क्रमांक, जात प्रवर्ग, घरचा पत्ता अशी माहिती सवयीने मागितली जाते. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला असून त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आहेत. त्यातील मुख्य कर्तव्ये नियम अधिसूचित झाल्यापासून १८ महिन्यांनी लागू होणार आहेत. माहिती कोणत्या हेतूने घेतली जाते हे स्पष्ट शब्दांत सांगणे, त्या हेतूपुरतीच ती वापरणे व हेतू संपल्यावर ती नष्ट करणे, ही त्यामागील तत्त्वे होत. कायदा पूर्णपणे लागू होण्याची वाट न पाहता महाविद्यालयांनी ती आजच अंगीकारावीत. ज्या माहितीचा प्रमाणपत्र, भोजन, निवास किंवा हिशेब यांपैकी कशासाठीही उपयोग नाही, ती विचारूच नये. तसेच सहभागी व्यक्तींच्या भ्रमणध्वनी क्रमांकांसह पूर्ण यादी व्हॉट्सअॅप गटावर प्रसृत करणे किंवा छापील यादी नोंदणी कक्षाबाहेर चिकटविणे टाळावे. मंच निवडताना तो ही माहिती स्वतःच्या जाहिरातींसाठी वापरतो काय, हेही पाहिले पाहिजे.

९. मर्यादा :

तिकीट मंच सर्वांना सारखाच सोयीचा असतो, असे मानणे योग्य नाही. ग्रामीण भागातील महाविद्यालयात विजेचा व इंटरनेटचा प्रश्न असतो. चर्चासत्राच्या सकाळीच जोडणी तुटल्यास क्यूआर कोड वाचणारा भ्रमणध्वनी निरुपयोगी ठरू शकतो. प्रीटिक्ससारख्या काही प्रणालींच्या पडताळणी साधनात यादी आधीच उतरवून घेऊन जोडणीशिवाय कोड वाचता येतात. परंतु दोन दारांवर दोन भ्रमणध्वनी जोडणीशिवाय काम करीत असतील, तर एका दारावर झालेला प्रवेश दुसऱ्या दाराला कळत नाही. अशा वेळी एकच दार ठेवणे किंवा आडनावांनुसार रांगा वेगळ्या करणे हा साधा उपाय आहे. आदल्या रात्री छापून ठेवलेली वर्णानुक्रमी यादी मात्र कोणत्याही परिस्थितीत हाताशी असावी.

दुसरी मर्यादा माणसांची आहे. निवृत्तीनंतरही चर्चासत्रांना आवर्जून येणारे ज्येष्ठ अभ्यासक, ई-मेल क्वचितच पाहणारे सहभागी, स्वतःचे बँक खाते भ्रमणध्वनीशी न जोडलेले पदव्युत्तर विद्यार्थी यांना ऑनलाइन नोंदणीची सक्ती दाराबाहेर ठेवते. ज्ञानाच्या देवघेवीसाठी बोलावलेल्या सभेत केवळ तिकीट काढता आले नाही म्हणून कोणी मागे राहावे, हे आयोजनाचे अपयशच मानावे लागेल. बहुतेक मंचांवर आयोजकाला स्वतः नोंद करण्याची सोय असते. महाविद्यालयाच्या कार्यालयात रोख शुल्क भरून पावती घेतलेल्या व्यक्तीची नोंद समितीने मंचावर करावी व पावती क्रमांक त्याच नोंदीत लिहावा. त्यामुळे यादी एकच राहते आणि कोणाचीही अडवणूक होत नाही.

तिसरी मर्यादा अशी, की शोधनिबंधांची छाननी हे तिकीट मंचाचे काम नव्हे. सारांश स्वीकारणे, परीक्षकांकडे पाठविणे, निर्णय कळविणे यांसाठी स्वतंत्र व्यवस्था लागते. इंडिकोसारख्या परिषदांसाठीच्या प्रणालीत दोन्ही कामे एकत्र होतात. अन्यत्र शोधनिबंध स्वीकारल्याचे पत्र मिळाल्यावरच संबंधितास नोंदणीचा दुवा पाठविणे सोयीचे ठरते.

१०. महाविद्यालयांसाठी सूचना :

१) मंचाची निवड प्राचार्य, संयोजक, कार्यालयीन अधीक्षक व लेखापाल यांनी एकत्र बसून करावी, तो केवळ तंत्रज्ञान जाणणाऱ्या एका प्राध्यापकाचा निर्णय असू नये.

२) मंचावरील खाते महाविद्यालयाच्या अधिकृत ई-मेलवर उघडावे. संयोजकाची बदली किंवा निवृत्ती झाल्यास जुन्या नोंदी हरवता कामा नयेत.

३) पृष्ठ खुले करण्यापूर्वी समितीतील दोन सदस्यांनी स्वतः नोंदणी करून, शुल्क भरून व परतावा घेऊन संपूर्ण प्रक्रिया तपासावी.

४) ज्यांना प्रवेशपत्र मिळाले नाही, त्यांच्यासाठी एक दूरध्वनी क्रमांक व त्यावर उत्तर देणारी एक जबाबदार व्यक्ती निश्चित करावी.

५) नोंदणी कक्षातील स्वयंसेवक विद्यार्थ्यांना आदल्या दिवशी प्रात्यक्षिक द्यावे आणि वादाच्या प्रसंगी निर्णय देण्यासाठी एक प्राध्यापक तेथे पूर्णवेळ बसवावा.

६) कार्यक्रमानंतर आठवडाभरात सहभागी यादी, शुल्काचा तपशील व उपस्थितीच्या नोंदी यांचा ताळमेळ घालून त्यावर संयोजक व लेखापाल यांच्या स्वाक्षऱ्या घ्याव्यात व एक प्रत अंतर्गत गुणवत्ता हमी कक्षाकडे सुपूर्द करावी.

११. समारोप :

वरील विवेचनावरून असे म्हणता येते, की ऑनलाइन तिकीट मंचाचे खरे सामर्थ्य वेगात नसून जोडणीत आहे. अर्ज, पैसे, प्रवेश व प्रमाणपत्र या चार गोष्टी एका नोंदीला बांधल्या गेल्या, की प्रामाणिकपणे काम करणाऱ्या संयोजकाला आपला प्रामाणिकपणा वेगळा सिद्ध करावा लागत नाही. मंच हे काम फुकट करीत नाही. त्याचा आकार, त्याची नियमावली व त्याच्यावरील अवलंबित्व यांची किंमत महाविद्यालयाला मोजावी लागते. ५० व्यक्तींच्या निःशुल्क कार्यशाळेसाठी साधा ऑनलाइन अर्ज व हजेरीपत्रक पुरेसे असते. शुल्क, मर्यादित जागा आणि प्रमाणपत्र या तिन्ही बाबी जेथे एकत्र येतात, तेथे मात्र हा खर्च सार्थकी लागतो.

तंत्रज्ञानाने रांग लहान होईल. परंतु रांगेच्या शेवटी, गोंधळून उभ्या राहिलेल्या, प्रथमच शोधनिबंध वाचण्यासाठी दूरच्या तालुक्यातून आलेल्या विद्यार्थिनीचे नाव यादीत नसेल, तर तिला खुर्ची देऊन बसविण्याचे व मग चौकशी करण्याचे काम माणसालाच करावे लागणार आहे. यंत्रावर सोपवलेल्या कामातून जो वेळ वाचेल, तो याच कामासाठी वापरला गेला, तर महाविद्यालयीन चर्चासत्रांची व्यवस्था व प्रतिष्ठा दोन्ही उंचावण्यास साहाय्य होईल.